मासाभर

सेवेरिनचा जुना तराजू
आता अंगठ्या तोलत नाही.
अंगठ्या मी तोलते, पुढच्या गल्ल्यावर, बॅटरीच्या काट्यावर.
दुकान माझ्या नावावर झालं त्याला चार वर्षं झाली.
तो मागच्या खोलीत, खिडकीपाशी,
माश्या तोलतो.

माश्या म्हणजे
गळाला गुंडाळलेली तांब्याची तार,
सशाच्या कानामागची लव,
फेझंटच्या शेपटीतले चार धागे,
आणि डोक्याशी टंगस्टनचा मणी, मोहरीहून थोरला.
दगडाला पोट लावून राहणाऱ्या किड्याचं सोंग.
दिसायला सगळ्या सख्ख्या बहिणी.
फरक मानेवरच्या दोऱ्यात:
काळा, दोन गुंजा. तपकिरी, चार.
लाल म्हणजे भरला मासा.

लाल आणि तपकिरी त्याला हल्ली एकच दिसतात.
म्हणून पाण्याच्या पेल्यात एकेक सोडतो
आणि कान देतो.
टिक्.
"ही होचेव्का मिळते तिथल्या डोहासाठी."
मग एक, जरा रेंगाळून, टिक्.
"ही उथळात. मूर्ख ट्राउटसाठी."

ऑक्टोबर. लेस्कोच्या खाली सान नदी,
धरणाच्या तळातून सोडलेलं पाणी,
भर उन्हाळ्यातही हिवाळा न विसरणारं.
तो काठावर घडीच्या स्टुलावर, प्रकृती तोळामासा,
मांडीवर डबा.
मी कमरेपर्यंत आत.

अर्धी सकाळ तपकिरी दोऱ्याची.
दोर वाहत राहिला सुरेख, कुठेही न अडता.
"सुरेखच जाणार!" तो काठावरून ओरडला.
"माडीवरून फिरतेयस तू.
पंगत तळमजल्यावर बसलीय."

लाल बांधली. तिसऱ्या फेकीला
दगडाच्या फटीत गेली ती गेलीच.
दोन संध्याकाळी लागल्या होत्या तिला.
मला हळहळ वाटली, त्याला नाही.
"बरं झालं. पत्ता तरी कळला."

दुसरी लाल.
ओढ नव्हती, झटका नव्हता.
दोर फक्त थांबला,
बोलता बोलता माणूस एखादं नाव विसरतो तसा.
मी मनगट उचललं.
ट्राउट, लाल ठिपक्यांचा, हंगाम सरलेला.
सोनारानेच कान टोचावेत म्हणतात;
इथे ओठ, बिनकाट्याच्या गळाने,
आणि लगेच मोकळा.

अकराच्या सुमाराला धरणाने पाणी वाढवलं.
थर्मास ठेवलेला दगड आधी ओला झाला,
मग दिसेना.
(थर्मास वाचला. झाकण सानोकच्या दिशेने गेलं.)
मी काठाशी सरकले, डबा मागितला.
"लाल घे," तो म्हणाला,
आणि तपकिरी पुढे केली.

मी काही बोलले नाही.
डब्यातल्या दोन तळहातावर घेतल्या, डोळे मिटले.
पहिली साखळी जोडायला शिकवताना
त्याने असेच मिटायला लावले होते.
एक परत ठेवली.
कोणती ठेवली ते मलाही आता सांगता येणार नाही.

तिसऱ्या वाहण्यात दोर पुन्हा थांबला.
या वेळी खाली कुणीतरी जड, शांत,
वाद न घालता प्रवाहाला टेकून राहिलेलं.
मग पाठीवरचा पंख उघडला,
जांभळा, तांबूस, रेशमी छत्रीसारखा.
मासाभर माशी, हातभर मासा.
इथे त्याला लिपिएन म्हणतात.
जाळीतच धरला, पाण्याबाहेर काढला नाही,
गळ आपणहून सुटला.

काठावर येऊन मी ओले हात
सेवेरिनच्या नाकाशी धरले.
बराच वेळ तो हुंगत राहिला.
ओव्याचा वास, थंड, किंचित.
"लिपिएन," तो म्हणाला. मग,
"किती वजनाची होती?"
"माहीत नाही."
त्याने डबा मिटला आणि माझ्याकडे दिला,
जसा छत्री धर म्हणून देतात.

सोमवारी एक बाई आजीची अंगठी घेऊन आली.
बॅटरी संपली होती. मी मागचा तराजू आणला.
पारड्यात एक खवला चिकटलेला, सुकलेला,
नखाच्या कोरीएवढा.
बाईंना थांबायला सांगून
मी आधी तोच तोलला.
काटा हलला नाही.